काठीवरची खडूची रेघ

आमच्या ह्यांना काठीची गरज नव्हती, म्हणून त्यांनी काठी घेतली. गरज असती तर घेतली नसती, हे मी लिहून देते. गरज असलेला माणूस औषधांच्या दुकानात जातो, एक साधी अॅल्युमिनियमची काठी घेतो आणि कुणाच्या नजरेस पडायच्या आत घरी येतो. हे गेले होते एका मोठ्या घरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीला, टेबलावरचा दिवा आणायला म्हणून. परत आले ते छाती पुढे काढून, हातात काठी. दिवा आजतागायत आलेला नाही.

काठी देखणी होती, ते मी पहिल्याच दिवशी कबूल केलं. काळसर लाकूड, शंभरएक वर्षं हाताळून हाताळून चमक आलेलं. तळाशी मुळं कोरलेली, मुळांच्या बेचक्यात नखाएवढी गोगलगाय. तिथून एक वेल निघतो, काठीला वेढे घेत वर चढतो. पानांआड चिमण्या, एक बेडूक, एक अर्धवट उमललेली कळी, आणि मुठीवर मान मागे वळवून बसलेला बगळा. बगळ्याची पाठ कुणाच्या तरी तळव्याने झिजून निम्मी पिसं पुसली गेलेली. अगदी खाली पितळी टोपी आणि तिच्यावर पहिल्या मालकाच्या नावाची दोन अक्षरं.

"पण तुम्हाला काठी कशाला हवी?" मी विचारलं. "चांगले धडधाकट आहात."

"टेकायला नाही गं," हे म्हणाले. "हातात असावी म्हणून."

ह्यांची नोकरी पाणी खात्यात, नकाशांच्या खोलीत. शहरातली कुठली नळाची वाहिनी कुठल्या रस्त्याखालून जाते त्याचे नकाशे गुंडाळून ठेवायचे आणि मागतील तेव्हा काढून द्यायचे. छत्तीस वर्षं इंजिनिअर लोक यायचे, ह्यांच्या हातातून नकाशा घ्यायचे आणि नकाशाकडे बघत निघून जायचे. ह्यांच्याकडे बघायचं कुणाला सुचायचंच नाही. निवृत्तीच्या दिवशी मोठ्या साहेबांनी भाषणात ह्यांचं नाव चुकवलं, आणि ते दुरुस्तही कुणी केलं नाही. घरी येऊन हे हसत सांगत होते, पण त्या दिवशी ते जेवले नाहीत नीट.

त्यामुळे काठी हातात आल्यावर बागेतल्या बाकावरची मंडळी उठून जागा करून द्यायला लागली, तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? आठवडाभरात ह्यांना सगळे 'साहेब' म्हणू लागले. त्या बाकावरचा मुख्य माणूस म्हणजे एक निवृत्त बँक मॅनेजर. त्यांना जुन्या वस्तूंचा नाद, आणि त्यातलं आपल्यालाच कळतं याची खात्री. ते काठी दोन्ही हातांवर आडवी घ्यायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "साहेब, अशी वस्तू आता होणे नाही." हे अगदी हरभऱ्याच्या झाडावर चढून घरी यायचे. चढू देत की. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी चढवत होतं.

आता माझ्या कामाचं सांगते, कारण पुढे सगळा घोळ त्यातूनच झाला. आमच्या घराची पुढची खोली म्हणजे माझं दुकान. नवं मी काही शिवत नाही. तयार कपडे माणसाला बसत नाहीत आणि माणूस काही बदलता येत नाही, म्हणून माझं दुकान चालतं. कुणाची पँट आखूड करायची, कुणाची कंबर सैल करायची. चाळीस वर्षांत माझे दोन नियम आहेत. एक, गिऱ्हाइकाच्या शरीराबद्दल चकार शब्द काढायचा नाही. एक खांदा खाली असेल तर त्या बाजूला कोटाच्या आतली कापसाची गादी वाढवायची, आणि गिऱ्हाईक आरशात सरळ दिसलं की आपण गप्प. दुसरा, खडूची रेघ दाखवल्याशिवाय कात्री लावायची नाही. गिऱ्हाइकाला नको असेल तर ते हाताने रेघ झटकतं, मग आपण पुन्हा बोलतो. रेघ राहिली तर कापायचं. दुकानात येऊन-जाऊन ह्यांनाही हे दोन्ही नियम पाठ.

काठी आल्यानंतर दुसऱ्या वर्षी ह्यांचा उजवा गुडघा खरंच कुरकुरायला लागला. झालं, शोभेची काठी टेकायची काठी झाली. त्याच सुमारास ह्यांचा निळा कोट उजवीकडून वर ओढला जातोय, पाठीवर तिरकी घडी पडतेय, असं मला दिसलं. वय झालं की माणूस कलतो, मी मनात म्हटलं. शहाण्यासारखी गप्प बसले. उजव्या खांद्यातली गादी काढली, डावीकडे दुप्पट घातली, उजवीकडची खालची कड अर्धा इंच उतरवली. कोट सुतासारखा सरळ. पुढे तपकिरी कोटाला तेच केलं, मग काळ्याला. दर वेळी गादी थोडी जास्त लागायची. आणि दर वेळी मला वाटायचं, काय हात आहे माझा!

खांदा दुखतो असं हे रोज सकाळी म्हणायचे. मी तेल चोळून द्यायचे. चहाचा कप उजव्या हातातून दोनदा निसटला, तेव्हा हे म्हणाले की कपच गुळगुळीत आहे.

एका रविवारी मी ह्यांचे कोट ऊन द्यायला मागच्या अंगणात दांडीवर टांगले. निळा, तपकिरी, काळा, आणि एका टोकाला जुना करडा कोट, जो हे आताशा घालत नव्हते. मी बादली घेऊन वळले आणि थबकले. तिन्ही कोट एका बाजूला मान टाकून लटकत होते आणि करडा ताठ. करड्याला मी कधी हात लावला नव्हता, कारण काठी टेकायला लागल्यापासून तो ह्यांनी घातलाच नव्हता. माणूस वयाने कलतो ते हळूहळू. ह्यांचं कलणं काठी टेकायला लागले तेव्हापासून सुरू झालं होतं.

मी आत गेले. "अहो, बूट घाला आणि काठी घेऊन उभे राहा बरं जरा."

"आता आणि काय?"

"उभे तर राहा."

बगळ्यावर हात ठेवून उभे राहिले. खांदा कानाला टेकायचाच बाकी होता. मी टेप लावली. काठी अडतीस इंच. मग हात मोकळा सोडायला लावून मनगटाच्या हाडापासून जमिनीपर्यंत मोजलं. औषधांच्या दुकानात काठी देताना असंच मोजतात, ते मी पाहिलेलं होतं. पावणेछत्तीस. म्हणजे सव्वादोन इंचांचा फरक. दोन वर्षं हा माणूस स्वतःचा खांदा उचलून त्या काठीच्या उंचीला पुरत होता आणि मी, माप घेण्यात हयात घालवलेली बाई, काठी सोडून कोट दुरुस्त करत बसले होते. मला माझीच लाज वाटली.

"काठी लांब आहे तुम्हाला," मी म्हटलं. "सव्वादोन इंच."

"काठी बरोबर आहे," हे म्हणाले. "मी जरा बुटका आहे."

"मग कापायचं कुणाला?"

ह्यांनी काठी छातीशी धरली. "कापायची? खाली गोगलगाय आहे. टोपी आहे. अक्षरं आहेत त्याची!"

"ज्याची अक्षरं आहेत तो सहा फुटी होता. त्याचा खांदा दुखत नव्हता."

तरी ह्यांनी काठी छातीपासून हलवली नाही, आणि मलाही कळत होतं का ते. ग्रंथालयात पुढच्या महिन्यात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरायचं होतं. मॅनेजरांनी मखमल घातलेल्या टेबलावर मधोमध ह्यांच्या काठीची जागा ठरवली होती. शेजारी छापील पाटी, पाटीवर ह्यांचं नाव, खाली 'नकाशे विभाग (निवृत्त)'. पाटीचा नमुना ह्यांनी आरशाच्या कडेला खोचून ठेवला होता, दाढी करताना दिसेल असा. आणि मॅनेजरांनी बजावलं होतं, "साहेब, वस्तू मूळ मापात हवी. कणभर कमी झाली की बाद."

दुसरी साधी काठी घ्या म्हणून मी म्हटलं. अॅल्युमिनियमची एक आणलीसुद्धा. ती ह्यांनी दाराआड उभी केली आणि आता मी तिच्यावर फडकी वाळत घालते. बाहेर जायचं तर बगळा घेऊनच, नाहीतर घरात. बाकीच्यांना वाटेल हट्ट आहे. हट्ट होताच. पण साध्या काठीने बागेत गेलेला माणूस पुन्हा नकाशेवाला होणार होता, ही भीती मला ह्यांच्या चेहऱ्यावर दिसायची, आणि भीतीवर ओरडून काही होत नाही.

म्हणून मी खडू उचलला. काठीच्या तळापासून सव्वादोन इंचांवर पांढरी रेघ मारली, गोगलगायीच्या जरा वर. सकाळी पाहिलं तर रेघ पुसलेली. मी पुन्हा मारली. पुन्हा पुसली. असे बारा दिवस गेले. एकमेकांशी आम्ही भाजी, भाडेकरू, गळका नळ, सगळ्यावर नेहमीसारखं बोलत होतो. रेघेबद्दल दोघांनीही अवाक्षर काढलं नाही. एकदा मी पिवळ्या खडूने मारली, तर हे बाहेर जाताना पुटपुटले, "रंग बदलून उपयोग नाही."

तेराव्या दिवशी हे बागेतून उशिरा आले आणि थेट आत जाऊन पँट बदलून आले. बदललेली पँट माझ्या टेबलावर ठेवली. गुडघ्यावर फाटली होती.

"खिळ्याला अडकली," हे म्हणाले.

खिळ्याने कापड एका रेषेत फाटतं. ह्या पँटचे धागे जाळीसारखे विरले होते आणि त्यात बारीक खडी अडकली होती. हे रस्त्यावर पडले होते. आज गुडघ्यावर निभावलं, उद्या कंबरेवर आलं तर? मग कसली बाग आणि कसलं प्रदर्शन? खाटेवर पडलेल्या माणसाला साहेब म्हणायला कोण घरी येतंय? मला ह्यांना हलवून हलवून सांगावंसं वाटलं, की मला तुम्ही हवे आहात, तो बगळा नको. पण ह्यांनी पाठ फिरवली होती आणि ते खिडकीतून रस्ता बघत होते. मी पँट रफू केली, एकेक धागा धरून, कुणाला कळणार नाही अशी. मग काठी घेतली आणि पांढऱ्या खडूने रेघ मारली, जाड.

सकाळी रेघ तशीच होती.

मी दुकान उघडलं, इस्त्री तापत ठेवली. थोड्या वेळाने दारावरची घंटा वाजली. रस्त्याच्या बाजूचं दार ह्यांनी उभ्या आयुष्यात वापरलेलं नाही, हे आतून येतात. आज बाहेरून आले. बूट घातलेले, भांग पाडलेला, हातात काठी. गिऱ्हाइकाला उभं करायची माझी लाकडी चौकी आहे, तिच्यावर चढून उभे राहिले.

"माप घ्या," म्हणाले.

मला 'घ्या' म्हणाले, गिऱ्हाईक म्हणतं तसं. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मी टेप काढली.

"काल पडलो," हे समोर बघत म्हणाले.

"माहीत आहे."

"दोन माणसं धावत आली. पहिल्याने आधी काठी उचलली. उलटीसुलटी करून बघितली. म्हणाला, नशीब, मोडली नाही."

"आणि तुम्हाला?"

"मला नंतर."

मी मनगटाचं हाड चाचपून टेपचं टोक धरलं. पावणेछत्तीस. रेघ बरोबर होती, पण मी पुन्हा एकदा मोजलं, कारण मला अजून थोडा वेळ ह्यांचा हात धरायचा होता.

शेजारी तसबिरींना चौकटी करणारा आहे. त्याच्याकडे बारीक दातांची करवत असते. काठी बघून त्याने कानाला हात लावले. "वहिनी, हे पाप माझ्या हातून नको."

"रेघ कुणी मारलीय?" ह्यांनी विचारलं.

"वहिनींनी."

"आणि पुसली नाही ती मी. तू फक्त करवत चालव."

त्याने काठीला कापड गुंडाळलं, लाकूड आवळून धरायच्या शिकंज्यात बसवली आणि करवत अगदी हळूहळू चालवली. तुकडा त्याच्या तळहातावर पडला. पितळी टोपी, दोन अक्षरं, मुळं आणि गोगलगाय. कापलेल्या जागी त्याने काळी रबराची टोपी बसवली, तिची जाडी हिशेबात धरून. वर शंभर वर्षांचा बगळा आणि खाली औषधांच्या दुकानातलं रबर. ह्यांनी काठी टेकली, दोन पावलं चालले, मग दुकानाच्या दारापर्यंत जाऊन आले. खांदा खाली आला होता. उजव्या हाताची बोटं उघडून मिटून बघत ते म्हणाले, "अगं, हे हलकं वाटतंय."

प्रदर्शनाला हे करडा कोट घालून आले. दुसरा कुठला घालणार, तिन्ही वाकडे होऊन बसले होते. एरवी हे काठी घेऊन पुढे आणि मी अर्धं पाऊल मागे, असे आम्ही चालायचो. ह्यांच्या कोटाची पाठ मला इतकी पाठ झाली ती उगाच नाही. त्या दिवशी ग्रंथालयापर्यंत आम्ही शेजारी चाललो, आणि अर्ध्या वाटेवर माझ्या ते लक्षात आलं.

मखमलीचं टेबल मधोमध होतं. चारी बाजूंनी दोरी. पाटी उभी केलेली, ह्यांचं नाव बरोबर छापलेलं, मी दोनदा वाचलं. मॅनेजर हात पसरून पुढे आले. "या साहेब, या! आणा, काठी इथे ठेवूया." भोवती पंधरा-वीस माणसं जमली.

हे दोरीपाशी उभे राहिले. मला वाटलं, ठेवतात आता. सगळे बघत होते, आणि ह्याच बघण्यासाठी हा माणूस दोन वर्षं खांदा उचलून चालला होता.

"ठेवता नाही येणार," हे म्हणाले. "मला लागते ती."

मॅनेजरांची नजर वरून खाली गेली आणि रबरावर थांबली. त्यांच्या तोंडाचा चंबू झाला. "साहेब! कापलीत?"

"माझ्या मापाची केली."

"अहो पण मूळ माप गेलं! किंमत गेली सगळी!"

"मूळ माप आणलंय की," हे म्हणाले, आणि कोटाच्या खिशातून तो तुकडा काढून मखमलीवर, आपल्या नावाच्या पाटीपुढे ठेवला. "माझं नव्हतं तेवढं हे इथे आहे. बघा."

कुणीतरी फसकन हसलं. मग एक बाई वाकली, म्हणाली, "अगंबाई, गोगलगाय!" मग दुसरी वाकली. काठी मखमलीवर असती तर गोगलगायीपर्यंत कुणाची नजर पोचली नसती, सगळे बगळाच बघत बसले असते. हे दोरीच्या अलीकडे उभं राहून, काठीवर खरोखर भार टाकून, प्रत्येकाला समजावून सांगत होते की वेल इथून निघतो, ही मुळं, आणि पुढचा वेल हा असा माझ्या हाताकडे येतो. छत्तीस वर्षं नळाच्या वाहिन्या कुठून कुठे जातात ते मनात ठेवलेला माणूस, सांगायला एकदा मोकळा झाला तर थांबतोय होय! मॅनेजर बराच वेळ नाक मुरडून दूर उभे होते. मग जवळ आले. ह्यांना जरा निरखून पाहिलं.

"कापली ते वाईटच केलंत," ते म्हणाले. "पण साहेब, तुम्ही आज उंच कसे काय दिसताय?"

हे माझ्याकडे बघून असे हसले की लग्नातल्या फोटोतसुद्धा तसे हसलेले नाहीत.

तो तुकडा आता माझ्या टेबलावर असतो. कापड उडू नये म्हणून ठेवायला फार छान वजन आहे त्याला. हे रोज बागेत जातात, हल्ली चार पावलं जास्तच, आणि बाकावर त्यांच्यासाठी अजूनही सरकतात. मी विचारलं, कोण सरकतं? तर म्हणाले, सगळेच, पाय दुखणाऱ्याला जागा नको का द्यायला? हे सांगताना त्यांना जराही ओशाळल्यासारखं वाटलं नाही.

मी मात्र कामात बुडाले. तीन कोट उसवायचे होते, डावीकडची गादी काढायची, उजवीकडची परत घालायची, कडा पूर्ववत करायच्या. माझ्या हातचे टाके मलाच सापडेनात, इतके सफाईने घातलेले. हे समोर बसून उसवलेले धागे गोळा करत होते. काळ्या कोटाच्या अस्तराखाली, खांद्यापाशी, मला माझीच जुनी खडूची रेघ सापडली, इथून कापायचं म्हणून मारलेली. ती मी हाताने झटकली.